जुनी बीएसए मार्टिनी घ्यायची तर

स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीत ब्राँझ मिळवल्यापासून आमच्या मिरजेकडच्या पाहुण्यांना माझ्या रायफलचं भारी कौतुक. "तसलीच का गं?" म्हणून विचारतात. कॅलिबर तेच, पॉइंट टू-टू. बाकी ही बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथची, बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीची मार्टिनी इंटरनॅशनल, मार्क थ्री. हे मॉडेल १९५९ मध्ये आलं. एका वेळी एकच राऊंड, तोही हाताने भरायचा. इंग्लंडात राहून क्लबात नेम धरायला लागलेल्या आपल्या लोकांनी पहिली रायफल म्हणून मार्टिनीच बघावी, असं माझं मत. डावखुऱ्यांनी तर नक्कीच. मी डावखुरी आहे. डाव्या हाताचा बोल्ट, म्हणजे मागेपुढे ओढायचा खटका, शोधत फिरण्यापेक्षा खाली लीव्हर असलेली मार्टिनी बरी, तिला दोन्ही हात सारखेच. दस्त्याचा गालाकडचा उंचवटा कुठल्या बाजूला आहे तेवढं मात्र बघायचं.

आधी कागदपत्रं. होम ऑफिसची मान्यता असलेल्या क्लबात किमान ३ महिने उमेदवारी करावी लागते, तेवढ्यात क्लबच्या रायफलींवर हात बसतो. मग पोलिसांकडे फायरआर्म सर्टिफिकेटचा, म्हणजे बंदूक परवान्याचा, अर्ज करायचा आणि त्यात पॉइंट टू-टूचा स्लॉट, म्हणजे तसली एक रायफल घ्यायची मंजुरी, मागायचा. घरात पक्कं कुलूपबंद कपाट हवं. स्लॉट मंजूर होण्याआधी कुणाला इसार देऊ नका. ताबा समोरासमोरच घ्यायचा आणि ७ दिवसांत पोलिसांना कळवायचं.

आता बघायचं काय? नळी. लाकूड कितीही देखणं असो, पैसे नळीचे मोजायचे. मालकाच्या परवानगीने लीव्हर खाली ओढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. मग ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, पांढऱ्या कागदाचा कपटा तिरका धरून त्यावर टॉर्च मारा आणि नळीच्या तोंडाकडून आत बघा. आटे, म्हणजे नळीतल्या वळणदार खाचा, चकचकीत आणि त्यांच्या कडा करकरीत दिसल्या पाहिजेत. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. पूर्वीच्या काडतुसांचा प्राइमर, म्हणजे ठिणगी पाडणारा मसाला, नळी खायचा, त्यामुळे महायुद्धाआधीच्या बीएसएच्याच मॉडेल १२ सारख्या रायफलींत ते बरेचदा दिसतात. एखादं काळसर कडं दिसलं तर नळी तिथे फुगली आहे, सरळ नमस्कार करून निघा. यानंतर तेलाचं घट्ट फडकं रॉडवर लावून एका दमात ढकला. जोर शेवटपर्यंत सारखा लागला पाहिजे. मध्येच हात हलका पडला तर दुसरी रायफल बघा.

चेंबरची कडाही बघा. रायफल रिकामी 'टक् टक्' वाजवायची खोड असलेल्यांच्या हातून स्ट्रायकर (काडतुसावर ठोका मारणारी पिन) त्या कडेवर आदळतो, खोक पडते, आणि मग टरफल अडकायला लागतं. स्क्रूंची डोकी चावल्यासारखी दिसली तर कुणीतरी घरगुती पेचकस चालवलाय असं समजा. प्रूफ हाऊसचे, म्हणजे बंदुकीची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के असलेच पाहिजेत.

साइटशिवायची रायफल स्वस्त मिळते आणि महाग पडते. पार्कर-हेलची मागची अपर्चर साइट (बारीक भोकातून बघायची) आणि पुढची बोगद्यासारखी फोरसाइट सोबत असेल तर चार पैसे जास्त द्या. मागच्या साइटचे नॉब दोन्ही दिशांना फिरवून बघा, मधे पोकळ फिरायला नकोत. फोरसाइटमधली रिंग नवशिके नेहमी फार बारीक घेतात. ५० मीटरच्या टार्गेटचं काळं वर्तुळ ११२.४ मिलिमीटरचं, त्याच्याभोवती पांढरी जागा स्वच्छ दिसली पाहिजे. नाहीतर डोळा शिणतो आणि काळं नुसतं तरंगत राहतं.

रायफल अंगाला बसवताना माझा एकच नियम: काढता येईल तेच लावायचं. मूळ दस्ता तासू नका, पॉलिश पेपर मारू नका, नळीचा निळा रंग नव्याने चढवू नका. लांबी कमी वाटली तर बट-प्लेटच्या (खांद्याला टेकणारी पट्टी) मागे लाकडाच्या पातळ चकत्या घाला. गालाची उंची अशी ठरवा: पोटावर झोपून स्लिंग (दंडाला अडकवायचा पट्टा) लावा, डोळे मिटा, गाल दस्त्यावर सैल सोडा आणि मग डोळे उघडा. डोळा थेट अपर्चरच्या मधोमध यायला हवा. खाली राहिला तर दस्त्यावर फोमची पट्टी चिकटवा, परत झोपा, परत बघा. एनसीसीत नुसत्या हाताच्या जोरावर रायफल धरायची सवय लागलेल्यांना स्लिंग पहिल्यांदा काचते. काचू द्या. वजन स्लिंगने पेलायचं, दंडाने नाही. हँडस्टॉप (पुढच्या हाताला अडवणारा ठोकळा) थोडा थोडा सरकवा, पण पुढचा हात जमिनीशी ३० अंशांपेक्षा खाली जाऊ देऊ नका, आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमात बसत नाही. लाकडाला जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब तळव्याने चोळले की पुरे.

ट्रिगर फार हलका करून घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. तिथे घरचा पेचकस चालवू नका. ट्रिगरच्या आतल्या खटक्याची पकड कमी झाली तर लीव्हर जोरात बंद केल्याच्या झटक्यानेही बार उडू शकतो. हे काम गनस्मिथचंच, म्हणजे बंदुकीच्या कारागिराचंच. नळीचं कामही त्याचंच, आणि नळी कमजोर होईल असं काही केलं तर परत प्रूफ करून घ्यावं लागतं.

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागतात ते, कशाने सुधारलं हेच कळत नाही. शेवटी काडतुसं. जुनी नळी नखरेल असते. क्लबातल्या कुणाला एली कंपनीची टेनेक्स काडतुसं मानवतात म्हणून तुमच्या रायफलला मानवेलच असं नाही. तीन-चार प्रकारच्या पेट्या आणा. दर वेळी नळी पुसून घ्या, काही राऊंड नळी बसण्यासाठी वाया घालवा, मग ५० मीटरवर पाच-पाचचे ग्रुप मारा. ज्याचा ग्रुप सर्वांत आवळ, त्या पेटीवरचा बॅच नंबर टिपून घ्या आणि दुकानात तोच नंबर मागा.