जागा दाखवा: आवडत्या कलाकाराचं सर्वोत्तम गाणं ठरवायची रीत

नाट्यसंगीत ऐकणारी मुरलेली माणसं गाण्यावर वाद घालताना एक शब्द हमखास वापरतात: जागा, म्हणजे गाण्यातली दाद घेणारी नेमकी हरकत. 'त्या ओळीवर काय जागा घेतलीय!' असं म्हणणाऱ्याला ती जागा कुठे आहे, कोणत्या अक्षरावर आहे, हे दाखवता येतं. रॉक आणि सोल (कृष्णवर्णीय अमेरिकी गायकांचं भावभरलं संगीत) ऐकणाऱ्यांच्या वादात नेमकं हेच राहून जातं. सोल गायिका अरीथा फ्रँकलिनचं सर्वोत्तम गाणं कोणतं, लेड झेपेलिन या रॉक बँडचं कोणतं, यावर दादरपासून ठाण्यापर्यंत लोकलमध्ये उभ्याने भांडण होतं, आणि दोन्ही बाजू गाण्यांची नावंच मोठमोठ्याने घेत राहतात. तोच वाद घरी, स्पीकर मध्ये ठेवून, जागा दाखवत घातला तर तीन तासांत सहा कलाकारांचा निकाल लागतो आणि सगळ्यांना चार नवी गाणी मिळतात.

माणसं, वेळ आणि हिशेब

सात माणसं उत्तम. विषम आकडा असला की शेवटच्या हात वर करण्यात बरोबरी होत नाही, आणि आठाच्या वर गेलात की दोन कोपऱ्यांत दोन वेगळे वाद सुरू होतात. एका बैठकीला सहा कलाकार, प्रत्येकाची चार गाणी. गाणं सरासरी साडेचार मिनिटांचं धरलं तर ऐकण्यात अठरा मिनिटं जातात, बोलण्यात आणि मतदानात बारा. म्हणजे कलाकारामागे अर्धा तास. दुपारी साडेचारला सुरू केलंत आणि मध्ये वीस मिनिटं चहाला सोडलीत तर आठच्या आत मोकळे होता.

पिंक फ्लॉइड किंवा डीप पर्पल यादीत असतील तर त्यांना चाराऐवजी दोनच गाणी द्या. डीप पर्पलचं 'चाइल्ड इन टाइम' एकटंच दहा मिनिटं घेतं. अर्धं वाजवून थांबवणं हा त्यावरचा उपाय नाही, कारण लांब गाण्याची सगळी कमाई शेवटाकडे असते.

मुंबईत रविवार निवडताना मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी बघा. अर्धी मंडळी तासभर उशिरा आली की पहिल्या दोन कलाकारांचं मतदान वाया जातं, कारण न ऐकलेल्या गाण्याला मत देता येत नाही. या नियमाला अपवाद करू नका.

कलाकारांचा क्रम लावताना सोल आधी ठेवा. झेपेलिनचे ड्रम तासभर ऐकल्यावर अल ग्रीनचा हलका आवाज फिका वाटतो, आणि त्यात अल ग्रीनचा दोष काहीच नसतो. थकलेले कान फक्त ठळक आवाज टिपतात.

प्रश्न कागदावर लिहा

'सर्वोत्तम', 'सर्वांत महत्त्वाचं' आणि 'माझं लाडकं' हे तीन वेगळे प्रश्न आहेत. निम्मी भांडणं एक जण पहिल्याचं आणि दुसरा तिसऱ्याचं उत्तर देत असल्यामुळे होतात. अरीथाचंच घ्या. १९६७ सालचं 'रिस्पेक्ट' महत्त्वाचं आहे यावर वाद नको. ऑटिस रेडिंगने १९६५ साली गायलेलं गाणं तिने उलटवलं, पुरुषाची मागणी बाईची केली. शब्दाची अक्षरं सुटी करून म्हणणं ही तिचीच भर, रेडिंगच्या गाण्यात ती नाही. पण गळ्याचं काम बघायचं असेल तर 'एन्ट नो वे' पुढे ठेवावं लागतं. १९६८ सालच्या अल्बममधलं हे गाणं तिची बहीण कॅरोलिनने लिहिलं आणि मागचे उंच सूर सिसी ह्यूस्टनचे आहेत. प्रश्न 'सर्वोत्तम' असा लिहिला असेल तर आमचं मत दुसऱ्याला.

गाण्याचं नाव पुरत नाही, ध्वनिमुद्रण सांगा

घोळ सर्वांत जास्त इथे होतो, म्हणून इथे वेळ घाला. उमेदवारी देताना चार गोष्टी लिहून घ्या: गाणं, वर्ष, अल्बम की सिंगल (सुटं विकलेलं गाणं), स्टुडिओ की लाइव्ह.

सॅम कुकचं 'अ चेंज इज गॉना कम' १९६४ सालच्या मार्चमध्ये अल्बमवर आलं. डिसेंबरमध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, ते सिंगल म्हणून आलं तेव्हा सिनेमाला आणि बाजारपेठेत जाण्यावरून हटकलं जाण्याचं एक कडवं त्यातून कापलेलं होतं. तेच कडवं गाण्याचा कणा आहे. कापलेली प्रत वाजवून कुकबद्दल मत बनवणं म्हणजे निम्मा पुरावा लपवणं. द डोअर्सचं 'लाइट माय फायर' अल्बमवर सात मिनिटांचं आहे. सिंगल तीन मिनिटांच्या आत बसवताना ऑर्गन आणि गिटारची लांब वादनंच काढली गेली. एकाने एक ऐकलंय, दुसऱ्याने दुसरं, आणि दोघं तासभर एकाच नावावरून भांडतात.

जेम्स ब्राउनच्या 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग'ची गंमत आणखी वेगळी. १९६५ साली ते बाजारात आणताना मूळ टेपचा वेग वाढवला होता. संथ, लांब मूळ टेक १९९१ सालच्या संचात बाहेर आला. दोन्ही सहज सापडतात. दोन्ही ऐका, पण उमेदवारी एकालाच द्या.

अॅपवर दिसणाऱ्या वर्षावर विसंबू नका. संकलनाच्या अल्बमवर बहुधा संकलनाचंच वर्ष असतं. त्याहून मोठा धोका पुनर्ध्वनिमुद्रणाचा. साठच्या दशकातल्या कित्येक सोल गायकांनी आपली गाजलेली गाणी वीस-तीस वर्षांनी पुन्हा गायली, आणि स्वस्त संकलनांत तीच असतात. ओळखायच्या खुणा: 'री-रेकॉर्डेड' अशी बारीक टीप, ब्रासऐवजी कीबोर्ड, आणि एकसुरी, यंत्रासारखा ड्रमचा ठेका. शंका आली की मूळ अल्बमच्या नावाने शोधा.

दुसऱ्याचं गाणं गायलं असेल तर उमेदवारी गाणाऱ्याची धरा. 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' लिहिलं बॉब डिलनने १९६७ साली, पण १९६८ सालचं जिमी हेंड्रिक्सचं ध्वनिमुद्रण हेंड्रिक्सच्या यादीत जातं. 'ग्रेपव्हाइन' ग्लॅडिस नाइटचं १९६७ साली वेगात आलं, मार्व्हिन गेचं १९६८ साली आलं ते संथ आणि संशयाने भरलेलं. दोघांच्याही यादीत ते बसतं. एकाच दिवशी दोन्ही ठेवलंत तर लागोपाठ वाजवा.

स्पीकर आणि आवाजाची पातळी

एक गोष्ट सक्तीने पाळा: सगळी गाणी सारख्या पातळीवर ऐकवा. दोन गाण्यांत एक थोडंसंही मोठं वाजलं तर कानाला ते अधिक चांगलं वाटतं, आणि का वाटतं ते कळत नाही. नव्या रीमास्टर केलेल्या (जुन्या टेपवरून ध्वनी नव्याने घडवलेल्या) प्रती बहुधा जुन्यापेक्षा मोठ्या वाजतात, त्यामुळे एकाच्या जुन्या सीडीला दुसऱ्याची रीमास्टर प्रत फुकटात हरवते. फोनवर ध्वनिपातळी मोजणारं अॅप घ्या, फोन सोफ्यावर बसलेल्याच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा आणि प्रत्येक गाण्याच्या भरलेल्या भागात ७५ डेसिबलच्या आसपास आणा. फोनचा आकडा काटेकोर नसतो. चालेल, तुलना करायची आहे. फरक एका डेसिबलच्या आत असला की पुरे.

अॅपच्या सेटिंगमध्ये इक्वलायझर आणि बेस बूस्ट बंद, क्रॉसफेड बंद (तो चालू असला तर गाण्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात एकमेकांवर चढतात), ऑटोप्ले बंद. गाणी आधी डाउनलोड करून ठेवा आणि फोन एरोप्लेन मोडवर टाका. ब्लूटूथऐवजी वायर लावता आली तर उत्तम.

स्पीकर कोपऱ्यात ठेवू नका, बेस फुगतो. जमिनीवरही नको, तो स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. टेबलावर घडी घातलेली गोधडी आणि तिच्यावर स्पीकर, एवढ्याने बराच फरक पडतो. पंखा एकवर ठेवा आणि कुकर आधीच लावून घ्या.

साठच्या दशकातल्या स्टिरिओ प्रतींमध्ये एक खोड आहे. कित्येकदा गायक एका बाजूला आणि ड्रम दुसऱ्या बाजूला असतात. उजव्या स्पीकरजवळ बसलेल्याला गायक ऐकूच येत नाही आणि तो 'आवाजात दम नाही' म्हणतो. मोनो (दोन्ही बाजूंना सारखाच आवाज देणारी) प्रत मिळाली तर ती लावा, नाहीतर फोनच्या सेटिंगमधला मोनोचा पर्याय चालू करा. मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' अल्बमसारखी गाणी एकमेकांत मिसळलेली असतील तर अल्बममधूनच लावा आणि पुढच्या गाण्याची वीसेक सेकंदं जाऊ द्या. मध्येच तुटलेला शेवट गाण्यावर अन्याय करतो.

जागा कशी दाखवायची

गाणं वाजण्याआधी कुणीही बोलायचं नाही. आधी स्तुती केली की बाकीचे गाणं सोडून स्तुती तपासत बसतात. गाणं पूर्ण वाजल्यावर मांडणाऱ्याला दोन मिनिटं, आणि त्यात किमान एक जागा मिनिट-सेकंदासह दाखवून तेवढाच तुकडा पुन्हा वाजवायचा.

ऑटिस रेडिंगचं १९६६ सालचं 'ट्राय अ लिटल टेंडरनेस' या सरावासाठी फार चांगलं. सुरुवातीला ब्रास अगदी हळू येतो, रेडिंग जवळजवळ बोलल्यासारखा गातो. मग अल जॅक्सन ड्रमच्या कडेवर काठीची टिकटिक धरतो. गाण्याची लय तीच राहते, पण टिकटिक दुप्पट चालते, विलंबितात कुणी तबल्यावर दुगुन धरावी तशी. तिथून गाणं चढत जातं आणि द्रुताच्या पलीकडे जाऊन संपतं. ती टिकटिक कुठे सुरू होते तो सेकंद लिहून ठेवा, तोच तुकडा वाजवा, आणि मग शेवटची तीस सेकंदं वाजवा. दोन तुकड्यांत तुमचा मुद्दा पूर्ण होतो. रेडिंगच्याच 'डॉक ऑफ द बे'च्या बाजूने बोलणाऱ्याला मग तितकीच नेमकी जागा शोधावी लागते. ती आहे: शेवटची शीळ. रेडिंग डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात गेला आणि ते गाणं नंतर आलं, हे मात्र गाण्याच्या बाजूने मोजू नका. करुण घटना गाण्याच्या बाहेरची आहे.

रोलिंग स्टोन्सच्या 'गिमी शेल्टर'मध्ये तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास साथीला गाणाऱ्या मेरी क्लेटनचा आवाज उंच सुरावर चिरतो. ही जागा दाखवली की बहुतेक वेळा चर्चा संपते. तरी प्रश्न उरतो: ती रोलिंग स्टोन्सची कमाई की क्लेटनची? आमच्या मते ध्वनिमुद्रण सगळ्यांचं असतं, म्हणून गाण्याला पूर्ण गुण द्या. झेपेलिनच्या 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू'मध्ये ड्रमर बॉनमच्या पेडलची कुरकुर ऐकू येते. कुणीतरी ती दोष म्हणून काढतंच. तो मुद्दा मान्य करू नका, त्या कुरकुरीने गायक प्लांटची एकही ओळ बिघडत नाही.

बाद होणारे मुद्दे आधीच ठरवा. 'सगळ्यांना माहीत आहे', 'कुणालाच माहीत नाही', 'कॉलेजची आठवण आहे'. मुंबईत आणखी दोन येतात. पहिला, प्रत्यक्ष ऐकल्याचा: स्टोन्स २००३ साली ब्रेबॉर्नवर वाजवून गेले, पण ती रात्र खोलीत पुन्हा वाजवता येत नाही, आणि जे वाजवता येत नाही ते पुरावा म्हणून चालत नाही. दुसरा, आपल्या माणसाचा. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पारशी, पाचगणीच्या शाळेत शिकलेला, याचा अभिमान असू द्या, गुण नकोत. मुंबईशी धागा ज्यात खरंच ऐकू येतो अशी गाणी वेगळी आहेत. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने १९६८ सालच्या जानेवारीत इथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्याच वादकांकडून 'द इनर लाइट'चं वादन करून घेतलं. झेपेलिनच्या पेज आणि प्लांटने १९७२ साली इथे 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' वाजवून घेतली, ती २०१५ साली 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत आली. तिथे सनई-तबल्यावर वाढलेला कान खरोखर उपयोगी पडतो.

काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून कॅसेट घेणाऱ्या पिढीकडे बरेचदा 'ग्रेटेस्ट हिट्स'च असायच्या, आणि त्यांची यादी अजून त्याच बारा गाण्यांत फिरते. म्हणून चारांतलं एक गाणं गाजलेल्या संकलनाबाहेरचं असलंच पाहिजे, असा नियम ठेवा.

मतदान

हात वर करून एकेक मत घेतलं की सारख्या धाटणीची दोन गाणी एकमेकांची मतं खातात आणि तिसरंच जिंकतं. त्याऐवजी चिठ्ठ्या द्या. प्रत्येकाने तीन गाण्यांना ३, २, १ गुण द्यायचे, स्वतः मांडलेल्या गाण्याला शून्य. सात जणांचे मिळून ४२ गुण होतात, बेरीज तेवढी आली नाही तर कुणाची तरी चिठ्ठी चुकली आहे. एका गाण्याला जास्तीत जास्त १८ मिळू शकतात.

एकच गाणं दोघांनी सुचवलं तर मांडणारा एकच धरा. दोघांनाही आपल्या गाण्याला गुण देता आले नाहीत तर त्या गाण्याचे हक्काचे तीन गुण बुडतात. बरोबरी झाली तर दोन्ही गाण्यांची दाखवलेली जागा पुन्हा वाजवा आणि मग हात वर करायला सांगा. या वेळी मांडणाऱ्यांनाही मत आहे.

निकाल वहीत लिहिताना गुणांबरोबर ध्वनिमुद्रणाचं वर्ष आणि दाखवलेल्या जागेचे मिनिट-सेकंदही लिहा. हरलेल्या गाण्यांचेही लिहा. सहा महिन्यांनी तोच कलाकार पुन्हा घेता येतो, मात्र गाणं पुन्हा मांडणाऱ्याने या वेळी वहीत नसलेली जागा दाखवायची.