फास्ट पळते म्हणून विंगर? थांब जरा

३० ऑक्टोबर २०२२, डी वाय पाटीलला अंडर-१७ मुलींच्या फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल, स्पेन-कोलंबिया. आमच्या ग्राउंडवरच्या नऊ पोरींना ट्रान्स हार्बरने नेरूळला घेऊन गेले आणि ट्रेनमध्येच बजावलं की बॉलकडे बघायचं नाही, कोलंबियाची विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करणारी, लिंडा कायसेदो, तिच्याकडे बघायचं, बास. पंधरा मिनिटांत एकीची तक्रार, "ताई, हिला बॉलच मिळत नाहीये!" म्हटलं, तेच बघायला आणलंय तुला. कोलंबिया १-० ने हरली, पण ती १७ वर्षांची पोरगी काही महिन्यांत रियल माद्रिदला गेली आणि २०२३ ला मोठ्यांच्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध गोल मारला.

तर ज्या आयांचे मला मेसेज येतात ना, की आमची मुलगी शाळेत १०० मीटरमध्ये पहिली येते, विंगर होईल का, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पोरींसाठी हे लिहितेय. मी राईट विंगला खेळले, मग गुडघा गेला, आता ऐरोलीत सकाळी मुलींना शिकवते. पळता येणं लागतंच, पण ट्रायलला येणाऱ्या निम्म्या पोरी फास्टच असतात हो. विंगरला मॅचमध्ये बॉल मिळतो थोडाच वेळ, उरलेला सगळा वेळ ती काय करते त्यावर तिचं ठरतं, आणि गंमत म्हणजे करिअरचंही तसंच आहे, ते पुढे सांगते.

आधी उभं कुठे राहायचं. मैदान साधारण ६८ मीटर रुंद असतं, त्यातला एक मीटरही फुकट घालवायचा नाही, म्हणजे आपल्या टीमकडे बॉल असला की टाच बाजूच्या लाईनला लागली पाहिजे. नवीन पोरींना करमत नाही तिथे, बॉलच्या मागे आत आत येतात आणि मग त्यांच्याबरोबर समोरच्या टीमची फुलबॅकही, म्हणजे विंगरला अडवणारी कडेची डिफेंडर, आत येते, झाली गर्दी, दादर स्टेशन. बाहेर उभी राहा, शरीर अर्धं उघडं ठेव, बॉल यायच्या आधी दोनदा मान वळवून बघ की फुलबॅक किती लांब आहे. लांब असेल तर बॉल लांबच्या पायावर घे आणि पहिल्या टचलाच पुढे निघ. चिकटून असेल तर मागे दे आणि तिच्या पाठीमागे पळ. एवढंच आहे पण अंगात मुरायला दोन वर्षं जातात.

वन व्हर्सेस वनमध्ये पोरी बॉलकडे बघतात आणि दहा स्टेपओव्हर करतात, म्हणजे बॉलवरून पाय फिरवून हूल देतात. स्टेपओव्हर रीलसाठी ठेव. समोरचीचे पाय बघ, तिने ज्या पायावर वजन टाकलंय त्या बाजूने जा, तिला वळायलाच वेळ लागतो. अंगावर जाताना थोडी स्लो जा, मग एकदम सूट. आणि क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर बॉल, मारायच्या आधी मान वर, गोलकीपरच्या हातात उंच बॉल टाकण्यापेक्षा गोललाईनपर्यंत जाऊन खालून मागे पास दिलेला कधीही चांगला. बॉल दुसऱ्या विंगला असेल तर तू चहा पीत उभी राहायचं नाहीस, गोलच्या लांबच्या पोस्टला धावत पोचायचं. आमच्या एका पोरीचे एका सीझनचे सगळे गोल तिथूनच आले, सगळे दोन-तीन यार्डांवरून, आणि तिला त्याची लाज वाटायची! अजून एक, थ्रो-इनवर डायरेक्ट ऑफसाईड नसतो, म्हणजे शेवटच्या डिफेंडरच्या पुढे उभी असलीस तरी चालतं, हे डिफेंडर विसरतात, तू विसरू नकोस.

डावा पाय कच्चा असेल तर सोसायटीच्या कंपाऊंडची भिंत आहे, रोज २०० पास, नुसत्या डाव्याने. खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडतील, दुपारी दोन ते चार सोडून मार.

आता गुडघा, इथे मी जरा जास्त बोलणार. मुलींमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, तुटायचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त आहे, आणि विंगर तर दिवसभर कट मारते, पळता पळता एकदम दिशा बदलते. मे महिन्यात आपली मैदानं फरशीसारखी कडक होतात, त्यावर लांब स्टड घालू नका, टर्फचे शूज घाला. फिफा ११+ नावाचं वॉर्मअप आहे, १५ व्यायाम, २० मिनिटं, फुकट मिळतं, त्याने दुखापती खरंच कमी होतात. माझ्या वेळी वॉर्मअप म्हणजे ग्राउंडला दोन राउंड. पाळी अनियमित झाली किंवा सारखा थकवा येत असेल तर सरळ डॉक्टरकडे जाऊन हिमोग्लोबिन तपासा, लाजू नका.

आता रस्ता. शाळेतून जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या स्पर्धा, सुब्रोतो कपला अंडर-१७ मुलींचा गट आहे, मग राज्याच्या टीमची ट्रायल, ती विफा, म्हणजे महाराष्ट्राची फुटबॉल संघटना, घेते. सीनियर मुलींची नॅशनल म्हणजे राजमाता जिजाबाई ट्रॉफी. जन्मदाखला, आधार आणि भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस या ऑनलाईन सिस्टिमवरचं रजिस्ट्रेशन, तिन्हीवर नाव आणि तारीख एकसारखी पाहिजे, स्पेलिंगसुद्धा. ट्रायलच्या आदल्या दिवशी ठाण्याला झेरॉक्स शोधत फिरणाऱ्या बापांची मला फार दया येते. सर्टिफिकेटं फाईलला लावून ठेवा, दहावी-बारावीला सवलतीचे मार्क आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण यासाठी तीच लागतात.

त्याच्यावर इंडियन विमेन्स लीग, देशातली क्लबांची सगळ्यात वरची लीग. २०२४-२५ च्या सीझनला ८ टीम आणि प्रत्येकीच्या १४ मॅच, ईस्ट बंगाल जिंकली. वर्षात १४! म्हणून म्हटलं, करिअरही विंगसारखंच, बॉल थोडाच वेळ येतो. २०२३ ला फेडरेशनने ठरवलं की क्लबने किमान १० भारतीय पोरींना वर्षाला किमान ३.२ लाखांचं कॉन्ट्रॅक्ट द्यावं, म्हणजे महिन्याला २६-२७ हजार. वाशीत वन आरके घेऊन राहायचं म्हटलं तर बघा तुम्हीच. बाहेरचा रस्ताही आहे, मनीषा कल्याण गोकुलम केरळाकडून खेळून २०२२ ला सायप्रसच्या अपोलोनला गेली आणि विमेन्स चॅम्पियन्स लीग खेळणारी पहिली भारतीय झाली, पण त्याच्या आधी तिने २०२१ ला ब्राझीलविरुद्ध गोल मारला होता.

कॉन्ट्रॅक्ट तोंडी घेऊ नका. मला एका क्लबने राहणं, खाणं, उपचार सगळं कबूल केलं होतं, गुडघा गेल्यावर फोन उचलणं बंद. लिहून घ्या की पैसे महिन्याला की सीझनला, ऑपरेशनचा खर्च कोणाचा, क्लब सोडायचा झाला तर एनओसी किती दिवसांत. आणि फिफाचा नियम २०२१ पासून आहे की प्रोफेशनल खेळाडूला बाळंतपणाची किमान १४ आठवडे रजा, पगाराचे किमान दोन तृतीयांश देऊन. आज १५ वर्षांच्या पोरीला हे सांगितलं की हसते, हसू दे.

क्लबला व्हिडिओ पाठवताना तीन-चार मिनिटांचाच, सुरुवातीला स्वतःवर बाण दाखव, गोल कमी टाक, बॉल गेल्यावर मागे पळून आपल्या फुलबॅकला मदत करतेस असे दोन-तीन तुकडे घाल, कोच तेच शोधत असतो. शूटिंग खालून नको, उंचावरून. आमच्या ग्राउंडशेजारच्या बिल्डिंगमधल्या एका आजींनी दुसऱ्या मजल्याची गॅलरी कायमची देऊन टाकलीय, अट एकच, जाताना कुंड्यांना पाणी घालायचं.