शेकरू नेमकं कसं ओळखायचं?

भीमाशंकरच्या जंगलात शेकरू शोधताना जमिनीकडे पाहू नका, ते क्वचितच खाली उतरतं. सकाळी दहाच्या आत किंवा ऊन कलल्यावर जा. भर दुपारी ते फांदीवर पसरून झोपतं. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते.

आधी घरटं हेरा. उंच झाडाच्या शेंड्याकडे काटक्या-पानांचा मोठा, वरून झाकलेला गोळा दिसतो. गरुडाचं घरटं वरून उघडं, पसरट असतं. गल्लत होते ती इथेच. शिवाय एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटी मोजून संख्या काढू नका.

आता प्राणी. पाठ तांबूस-तपकिरी, पोट व छाती मळकट पांढरी, कान गोल आणि झुपकेदार. वजन साधारण दीड ते दोन किलो. झुपकेदार शेपूट शरीराइतकी किंवा जास्तच लांब, भीमाशंकरला टोकाशी फिकट. दक्षिणेकडे पाठीवर व शेपटीत काळा रंग वाढतो, म्हणून केवळ रंगावर विसंबलात तर फसाल. पाठीवर पट्टे दिसले तर ती साधी खार. रात्री तरंगत गेली ती उडणखार.

वर्गीकरण सोपं: कृंतक (कुरतडणाऱ्या प्राण्यांचा) गण, खारींचं कुळ, राटुफा प्रजाती, इंडिका जाती. १७७७ साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एर्क्सलेबेनने या जातीला नाव दिलं; ‘राटुफा’ हे प्रजातीचं नाव नंतरचं. पुढे भीमाशंकरच्या शेकरूला ‘एल्फिन्स्टोनी’ ही वेगळी उपजात मानलं गेलं. आता बहुतेक अभ्यासक त्याला ‘इंडिका’ उपजातीतच धरतात. जुन्या फलकावर वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका.