साताऱ्याच्या इंग्रज साहेबाचे चरित्र कसे लिहावे

महाबळेश्वरच्या पॉइंटांवरची साहेबांची नावे सातारकरांना तोंडपाठ असतात. परंतु त्यांपैकी एखाद्याचे चरित्र लिहायला घेतले की फलकावरच्या दोन ओळींवर भागत नाही. सुरुवात नेमणुकीपासून करावी. माणूस कोणत्या पदावर, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत होता हे पक्के झाले की निम्म्या दंतकथा गळून पडतात. सर जॉन माल्कम 1827 ते 1830 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यामुळे वाईजवळचे खंडाळा देऊन छत्रपती प्रतापसिंहांकडून महाबळेश्वर घेण्याचा 1829 चा करार त्यांच्याच खाती जमा होतो, आधीच्या एल्फिन्स्टनच्या नव्हे.

स्मारकावरचा मजकूर उतरवून घ्यावा, पण तो कोणी व केव्हा कोरला हेही टिपावे. लॉडविक पॉइंटवरचा स्तंभ जनरल लॉडविकच्या मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ उभारला. 1824 साली लॉडविक या डोंगरावर चढणारा पहिला युरोपीय ठरला, एवढेच त्यावरून घ्यावे. ‘महाबळेश्वरचा शोध लावला’ हे वाक्य मात्र कटाक्षाने टाळावे, कारण प्रतापगड 1656 सालापासून तेथे उभा होता आणि क्षेत्र महाबळेश्वरी भाविकांची ये-जा त्याच्याही आधीची.

ग्रँट डफवर लिहिणाऱ्याने अधिक सावध असावे. पेशवाई बुडाल्यावर 1818 साली साताऱ्यास आलेला हा अधिकारी तेव्हा नुसता जेम्स ग्रँट होता. मायदेशी वारसाहक्काने जमीनजुमला मिळाल्यावर त्याने ‘डफ’ जोडले. म्हणून त्याच्या साताऱ्यातील दिवसांचे कागद शोधताना ‘ग्रँट’ या नावाखालीही पाहावे. मराठ्यांच्या इतिहासाचे त्याचे तीन खंड 1826 साली निघाले, ते बखरी आणि मराठी कागदपत्रांच्या आधाराने. ही सामग्री त्याच्या हाती कशी आली याला चरित्रात ऐसपैस जागा द्यावी. जन्मगाव, शाळा वगैरे दोन ओळींत उरकले तरी चालते.

पुढच्या रेसिडेंटांविषयी, म्हणजे साताऱ्याच्या दरबारी नेमलेल्या इंग्रज प्रतिनिधींविषयी, लिहिताना केवळ त्यांच्या अहवालांवर विसंबणे धोक्याचे आहे. 1839 साली प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठवले आणि त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले. तेव्हा ज्या आरोपाचा उल्लेख कराल, त्याच परिच्छेदात त्यावरचे राजपक्षाचे उत्तरही द्यावे, तळटीपेत ढकलू नये.