फ्रान्झ सेलवर बसण्याआधी

एम.फार्म.ला मी वनस्पती तेलं हा विषय घेतला तो सोपा वाटला म्हणून. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं जेल करायचं, त्यात निलगिरी, पुदिना, लवंग असं एकेक तेल घालायचं आणि कातडीतून औषध किती जास्त जातं ते मोजायचं. मोजायचं ते फ्रान्झ सेल या काचेच्या भांड्यात: वर जेल, मधे कातडी, खाली बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण). कल्पना जुनीच आहे. दुखण्यावरच्या जेलची ट्यूब मागून वाचा, डायक्लोफेनॅकच्या जोडीला अनेकदा जवसाचं तेल आणि मेन्थॉल सापडेल.

औषधाला अडवणारा कातडीचा सगळ्यात वरचा थर जेमतेम १०-२० मायक्रॉनचा. मृत पेशींच्या विटा आणि मधे सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड यांचं सिमेंट. निलगिरीतलं सिनिओल किंवा पुदिन्यातलं मेन्थॉल हे सिमेंट सैल करतं. व्हायवाला एवढं पुरतं.

खरी दमछाक कातडी मिळवताना होते. आम्ही बोकडाचे कान वापरायचो. पण मटणवाला मुंडी भाजतो, आणि भाजलेल्या कानावर आपल्याला हवा तो थर शिल्लकच राहत नाही. म्हणून सकाळी सहाला दुकानात हजर. "दादा, भाजायच्या आधी कान काढून द्या." "सूप करताय का?" केस कात्रीनेच कापा, वस्तरा नको. सेल भरताना कातडीखाली बुडबुडा अडकला तर तेवढ्या जागेतून औषध जाणारच नाही. बफर आधी सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी त्यातली हवा काढा) आणि सेल तिरका धरून बुडबुडा बाहेर काढा.

माझी फजिती लवंगेने केली. यूव्हीवर, म्हणजे द्रावण किती अतिनील प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, डायक्लोफेनॅकच्या २७६ नॅनोमीटरला रीडिंग असं चढलं की मी गाईडना दाखवायला धावतच गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "औषधाशिवायचा सेल कुठाय?" तो लावलाच नव्हता. लावला, तर नुसत्या तेलाचंही रीडिंग भरघोस! लवंगेतलं युजेनॉल २८० च्या आसपास शोषतं, म्हणजे मी औषधाच्या नावावर युजेनॉल मोजत होतो. तीन आठवड्यांचं काम वाया. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) औषध आणि युजेनॉलचे दोन पीक वेगळे झाले तेव्हा लवंगेचा रुबाब बराच उतरला.

तेव्हा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) देण्याआधीच प्रत्येक नुसत्या तेलाचा यूव्ही स्कॅन काढा. आणि लवंगेचा सेल निलगिरीला वापरणार असाल तर मिथेनॉलने धुवा, मग ते धुवणही स्कॅन करा. वास गेला म्हणजे तेल गेलं असं नसतं.