सोलापुरात राहून लक्झरी ट्रॅव्हल: या व्यवसायात येणाऱ्यांसाठी

मालदीवमध्ये सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. दुपार कलल्यावर मालेला उतरलेला पाहुणा त्या दिवशी लांबच्या रिसॉर्टवर पोहोचत नाही. रात्र मालेत काढावी लागते, आणि तिकडे व्हिलाची एक रात्र पैसे भरून वाया जाते. या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी हे सांगते, कारण महाग खोल्या विकणं म्हणजे लक्झरी, अशी त्यांची समजूत असते. महाग खोली पाहुणा आज मोबाईलवर स्वतःच बुक करतो. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ कुणीतरी नीट बसवून द्यावा, यासाठी तो आपल्याकडे येतो.

त्यातलं ‘घरून’ फार महत्त्वाचं. मुंबईच्या ऑफिसचा कार्यक्रम विमानतळावर सुरू होतो, आपला सोलापुरातल्या दारातून. फ्लाईट पहाटे अडीचची असेल तर सकाळची वंदे भारत, दुपारी मुंबई, विमानतळाजवळ काही तासांसाठी खोली, जेवण आणि थोडी झोप. ज्येष्ठ मंडळी असतील तर मी बऱ्याचदा हैदराबादहून फ्लाईट सुचवते. गाडीने तीनशेच्या आसपास किलोमीटर, सरळ महामार्ग, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या अनेक तेलुगू कुटुंबांची तिथे सोयरीक असते. ही माहिती कुठल्याही ब्रोशरमध्ये नसते. सोलापूरचा सल्लागार इथेच पुढे राहतो, असं मी ठामपणे म्हणेन.

पहिल्या भेटीत बजेट विचारू नका. मागच्या ट्रिपमध्ये काय आवडलं नाही ते विचारा. गुडघे कुणाचे दुखतात, पहाटे कोण उठतं, सून-सासूला शेजारच्या खोल्या हव्यात की लांबच्या, हे गप्पांतून काढून घ्या. चादरीच्या व्यापारातले एक काका मला म्हणाले होते, “ताई, बाकी काही असू द्या, सकाळी सहाला चहा मिळाला पाहिजे.” युरोपातल्या कितीतरी चांगल्या हॉटेलांत खोलीत किटली नसते आणि नाश्ता सातनंतर असतो. तेव्हापासून प्रत्येक हॉटेलला मी आधीच किटलीचा मेल टाकते. जेवणाचंही असंच. जैन पाहुण्यांसाठी विमानात ‘व्हीजेएमएल’ हा जैन जेवणाचा कोड प्रत्येक सेक्टरला, म्हणजे प्रवासातल्या प्रत्येक फ्लाईटला, वेगळा टाकायचा, परतीच्या फ्लाईटलासुद्धा. हॉटेलला नुसतं ‘व्हेजिटेरियन’ कळवून भागत नाही. अंडं नको, कांदा-लसूण नको, बटाटा नको, असं एकेक लिहायचं.

अभ्यास मात्र नियमांचा करा. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे मागायचा. दिवस सारखे असतील तर जिथे आधी प्रवेश त्या देशाकडे. विमा किमान 30,000 युरोंचा हवा. केनियाला जाणाऱ्यांनी यलो फीव्हरची लस निदान दहा दिवस आधी घ्यायची, नाहीतर परत येताना भारतात विमानतळावर अडकतात. मसाई माराला नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जायचं असेल तर साधारण 15 किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. आपल्याकडे घरातली सगळ्यात मोठी कडक सुटकेस काढायची सवय! ही सूचना मी फोनवरही देते आणि लेखीही.

पदवी किंवा आयाटाचा (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) डिप्लोमा असेल तर चांगलंच. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड यांच्या पर्यटन मंडळांचे एजंटांसाठी मोफत ऑनलाइन कोर्स आहेत, ते नक्की करा. मुंबईत फेब्रुवारीच्या सुमारास ओटीएम हे पर्यटन व्यवसायाचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे डीएमसीवाल्यांना, म्हणजे त्या त्या ठिकाणी गाड्या, गाईड, हॉटेलं बघणाऱ्या स्थानिक कंपन्यांना, भेटा आणि त्यांचा तक्रार हाताळणारा माणूस कोण, हे आधी विचारा. रेट नंतर.

पैशाचं स्पष्ट सांगते. भारतात 2008 मध्ये विमान कंपन्यांनी तिकिटावरचं ठरलेलं कमिशन बंद केलं. हॉटेलचं कमिशन साधारण दहा टक्के, पण ते पाहुणा राहून गेल्यावर येतं, कधीकधी महिन्यांनी. म्हणून सल्ल्याची फी घ्यायला शिका. सोलापुरात सुरुवातीला ते जड जातं, कारण सल्ला फुकट मिळतो अशी सवय आहे. तरी मागायची. परदेशी पॅकेजवर 1 ऑक्टोबर 2020 पासून टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच आपण गोळा करायचा कर, लागतो. त्याचे दर बदलत आले आहेत, पण भरलेली रक्कम पाहुण्याला आयकर रिटर्नमध्ये वळती करता येते. हे कोटेशनच्या वेळीच समजावलं तर शेवटच्या पेमेंटला वाद होत नाहीत.

मार्च 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं थांबली, ती नियमित सुरू व्हायला मार्च 2022 उजाडला. त्या काळात रिफंड अडकलेल्या पाहुण्यांना सांगण्यासारखं काही नसतानाही मी फोन करत राहिले. आज माझ्याकडे परत येणारी बरीच कुटुंबं त्यांतलीच आहेत.

सुरुवात कुठून करायची? पुण्या-मुंबईच्या एखाद्या ऑफिसात दोनेक वर्षं काढा आणि व्हिसा डेस्क मिळालं तर नाही म्हणू नका. ते कुणालाच नको असतं. पण तिथे पासपोर्ट, बँक स्टेटमेंट, रजेची पत्रं, लग्नाचे दाखले हातातून जातात, एकाच घरातल्या पाच जणांच्या नावांची पाच स्पेलिंगं दिसतात, आणि तिकीट काढण्याआधी ती पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघायची सवय लागते.