फोन, टॅब, लॅपटॉप, पॉवरबँक सगळंच पाठीवर? या चुका टाळा

दर पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारतंच, भाऊ टॅब घेऊ का लॅपटॉप, आणि मी विचारलं काम काय करणार, तर उत्तर ठरलेलं, "असंच, कामी पडेल." या 'कामी पडेल'वर माझे स्वतःचे इतके पैसे गेलेत की आता हा शब्द ऐकला तरी डोकं सरकतं. मी ठिबकची डिझाईन करून देतो, जळगावहून यावल, रावेर, चोपड्याकडं बाईकवर फिरणं असतं. एक काळ असा होता की सॅकमधे लॅपटॉप, टॅब, दोन फोन, नेटचं डोंगल, दोन पॉवरबँक, आणि पाण्याच्या बाटलीला जागा नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन वस्तूंच्या मधली तिसरी वस्तू घेणं. फोन लहान पडतो, लॅपटॉप जड पडतो, मग मधला टॅब घ्या, दोन्हीची कामं करेल! मी पण हेच केलं, वरून शहाणपणा असा की सिमवालं मॉडेल महाग म्हणून वायफायवालं घेतलं, इंटरनेट काय फोनच्या हॉटस्पॉटवर चालेल. यावलकडच्या एका आप्पांच्या केळीच्या वावरात मोजणीला गेलो, टॅब हातात धरून बांधाबांधानं चाललो, स्क्रीनवर माझा ठिपका कधी विहिरीवर, कधी शेजारच्याच्या कपाशीत. मला वाटलं नेट हळू आहे. घरी येऊन बघतो तर क्षेत्र आलं तीन एकर दहा गुंठे, तशाच लॅटरल, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्या, धरल्या, कोटेशन काढलं आणि पाठवून पण दिलं. दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन, सातबारावर दोन एकर तीस गुंठे आहे, "काय भो, तुह्या पाटीत माह्यं वावर वाढलं का?"

मग कळलं की त्या टॅबमधे जीपीएसच नव्हतं. आयपॅडच्या फक्त वायफायवाल्या मॉडेलमधे ते नसतंच, इतर कंपन्यांच्या काही स्वस्त टॅबचंही तसंच, ठिपका दिसतो पण तो आजूबाजूच्या वायफायवरून अंदाजानं काढलेला, आणि केळीच्या बागेत कुठलं आलंय वायफाय! आणि जे काम टॅबला जमत नव्हतं ते खिशातला साधा फोन आरामात करत होता, फोनच्या जीपीएसला नेट पण लागत नाही, नकाशा आधी डाऊनलोड करून ठेवला की झालं. त्यातही उघड्या आभाळाखाली साधारण 5 मीटर इकडंतिकडं होतं, झाडाखाली जास्तच, म्हणून वीस-तीस गुंठ्याचा तुकडा असला तर मी आजही टेप लावतो. पोरं हसतात, हसू द्या. दुकानदाराला विचारून टॅब घेणाऱ्यांना हात जोडून सांगतो, खोक्यावर जीपीएस लिहिलंय का ते स्वतः वाचा, पाच मिनिटं लागतात, पण नाही, सेल संपतोय ना!

डोंगल. फोनच्याच कंपनीचं डोंगल घेऊ नका. धडगाव-तोरणमाळकडं जिथं फोनची रेंज जाते तिथं त्याची पण जाते. त्यापेक्षा फोनमधे दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं टाका.

आता पॉवरबँक, माझा आवडता विषय. 10000 एमएएच लिहिलंय म्हणून 5000 चा फोन दोनदा फुल होईल असा हिशोब सगळे करतात. तो आकडा आतल्या सेलचा, 3.7 व्होल्टवरचा असतो, बाहेर 5 व्होल्टनं देताना आणि गरम होण्यात बरंच जातं, हातात पडतात सहा-साडेसहा हजार. म्हणजे फोन एकदा फुल आणि वर थोडं. हे माहीत नसलं की माणूस दुसरी घेतो. आणि त्याच्यावर लॅपटॉप चालेल समजणारे तर निराळेच, 22.5 वॉटच्या पॉवरबँकेवर लॅपटॉप ढिम्म हलत नाही, त्याला सी टाईपमधून पीडी (पॉवर डिलिव्हरी, जास्त ताकदीचं चार्जिंग) लागतं, 45 नाहीतर 65 वॉटचं, आणि लॅपटॉप पण सी टाईपनं चार्ज होणारा पाहिजे. विमानानं जाणार असाल तर 20000 वाली चालते, ती 74 वॉट-अवर भरते, मर्यादा 100 ची आहे, पण हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनला टाकायची नाही.

आपल्याकडची खास चूक म्हणजे ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 44-45 ला जातो आणि आपण पॉवरबँक बाईकच्या डिक्कीत ठेवून लग्नात जेवायला बसतो. मी बसलो होतो, वरणबट्टी, वांग्याची भाजी, मस्त दोन तास. परत येऊन बघतो तर पॉवरबँक पापडासारखी फुगलेली. फोन-टॅबसाठी कंपन्याच सांगतात की 35 डिग्रीच्या आत वापरा, म्हणजे आपल्याकडं मार्च ते जून सगळंच मर्यादेबाहेर. फुगलेली पॉवरबँक टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, घंटागाडीत टाकायची नाही, सरळ ई-कचरा घेणाऱ्याकडं द्यायची. माझी आता कापडी पिशवीत, डब्याजवळ, सावलीत असते.

स्मार्टवॉच आहे आणि फोन पण हातातच आहे, तर घड्याळ कोणासाठी? ज्याचे हात कामात मातीनं भरलेले असतात त्याला ठीक आहे. वाचायला मात्र ई-इंकवालं, म्हणजे कागदासारख्या स्क्रीनचं, वेगळं यंत्र मी फालतू म्हणणार नाही, उन्हात स्पष्ट दिसतं आणि पान बदलतानाच बॅटरी खातं, पण वाचत असाल तरच हं, महिन्याला एक पुस्तक होत नसेल तर फोन बास आहे.

माझी सवय विचाराल तर सॅक घरी आल्यावर पलंगावर पालथी करतो. सलग तीन फेऱ्यांत जी वस्तू बाहेरच निघाली नाही ती कपाटात, दोन महिने कपाटातून काढली नाही तर विकून टाकायची. सध्या सॅकमधे एक फोन, एक 10000 ची पॉवरबँक, 65 वॉटचा एकच चार्जर, टेप आणि वही. लॅपटॉप घरी. टॅब विकायला काढला होता पण आईनं तो पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलाय, सकाळी त्यावर कीर्तन लागतं, आणि तिला जीपीएस लागत नाही.